लुथेरन शाळेचा ईस्टर-संच: सोलापुरात काय चाललं, काय पडलं

आधी निकाल सांगते. संच चांगला आहे, घ्यायला हरकत नाही. फक्त छापायच्या आधी प्रत्येक कृतीच्या डोक्यावर जी सामानाची यादी आहे, तिच्यावर सरळ काट मारा. ज्या कृती मुलांना वाट बघायला लावतात त्या आमच्याकडे जोरात चालल्या. ज्या बाजारात पाठवतात त्यांत सगळी धावपळ शिक्षिकेची होते आणि मुलांच्या हाताला दहा मिनिटांचं काम मिळतं.

संच म्हणजे ईस्टरच्या, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला त्या सणाच्या, हातकृतींची सव्वाशेच्या वर पानांची पीडीएफ. अमेरिकेतल्या एका लुथेरन प्राथमिक शाळेच्या शिक्षिकांनी पहिली ते चौथीच्या मुलांसाठी बनवलेली. माझी मावसबहीण तिकडे मिसुरीत असते, तिची धाकटी त्या शाळेत जाते. बहिणीनं पंधरा डॉलर भरून फाइल घेतली, मला पाठवली, आणि सोबत लागणारा प्लास्टिकच्या अंड्यांचा डबा पुण्याला येणाऱ्या एका ओळखीच्यांच्या बॅगेतून धाडला. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि त्या बायका मेहनती दिसतात.

मी आठवडाभर एका अनुदानित मराठी शाळेत तिसरीला शिकवते आणि रविवारी आमच्या चर्चमध्ये संडे स्कूल घेते. हे दोन वर्ग वेगळे आहेत आणि संच वापरताना ते वेगळेच ठेवावे लागतात. तिसरीत पद्मशाली मुलं आहेत, लिंगायत आहेत, मुसलमान आहेत, जैन आहेत. ख्रिस्ती अगदी थोडी. राज्यघटनेच्या कलम २८ प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कुठल्याही मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, आणि मला ते योग्यच वाटतं. त्यामुळे येशूची गोष्ट, बायबलची वचनं, प्रार्थना हे सगळं रविवारी. शाळेत फक्त फुलपाखराची अळी, रंग आणि गणित. संच बनवणाऱ्यांना ही वाटणी करावी लागलेली नाही. त्यांची शाळाच चर्चला लागून, आठवड्यातून एकदा सगळी पोरं उपासनेला जाणार, आणि गणिताच्या पानावरही कोकरू, येशूचं चिन्ह, असणार. आपल्याला ते कोकरू कधी ठेवायचं, कधी झाकायचं, हे पानागणिक ठरवावं लागतं.

लुथेरन म्हणजे कोण, हे मला दोन्हीकडच्या लोकांनी विचारलं, म्हणून थोडक्यात. मार्टिन लूथरनं १५१७ साली जर्मनीत पोपच्या पापमोचनपत्रांविरुद्ध ९५ मुद्दे मांडले, त्यातून ही परंपरा निघाली. १५२९ साली त्यानं घरातल्या मुलाबाळांना शिकवायला एक लहान प्रश्नोत्तरी लिहिली. तिच्यात प्रत्येक आज्ञा, प्रत्येक ओळ झाली की एकच प्रश्न येतो: याचा अर्थ काय? अमेरिकेत गेलेल्या जर्मनांनी १८४७ मध्ये मिसुरी सिनड नावाची संस्था उभी केली, आणि मंडळी (म्हणजे एका चर्चची माणसं) तिथे शाळा हा त्यांचा पहिल्यापासूनचा खाक्या. आपल्या सोलापूरच्या काही ख्रिस्ती शाळा वेगळ्या घरच्या, अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे काँग्रिगेशनल या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या. भारतात लुथेरन मिशनरी १७०६ ला तमिळनाडूत तरंगंबाडीला उतरले, १८४२ ला गुंटूरला आले. आमच्या मंडळीत गुंटूरकडून लग्न होऊन आलेल्या एक काकू आहेत. त्यांनी पीडीएफ मोबाइलवर चाळली आणि म्हणाल्या, "हे तर आमच्या लहानपणचंच, फक्त तेव्हा चित्रं नव्हती."

तो 'याचा अर्थ काय' प्रश्न संचात प्रत्येक कृतीच्या शेवटी आहे. पहिल्या काही आठवड्यांत मुलं वैतागली. आमच्याकडे वचन पाठ म्हणून दाखवलं की टाळ्या आणि बिस्कीट. इथे पाठ झाल्यावर खरा त्रास सुरू. पण मी तो प्रश्न एकदाही गाळला नाही, आणि संचातली सगळ्यात स्वस्त गोष्ट तीच निघाली.

छपाईचं आधी सांगून टाकते, नाहीतर पैसे जातील. पानं अमेरिकन लेटर मापाची आहेत, साडेआठ बाय अकरा इंच. आपला ए-फोर थोडा अरुंद आणि बराच उंच. झेरॉक्सवाल्यानं आहे तसंच काढलं तर डाव्या-उजव्या कडेची कापायची रेघ उडते आणि खाली पांढरी पट्टी राहते. त्याला 'पानात बसवून' काढायला सांगा. रंगीत तर काढूच नका. जांभळ्या रंगानं भरलेली अख्खी पानं आहेत, उपवासकाळाचा, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांचा, रंग म्हणून. शाई पिऊन टाकतात. जांभळा घोटीव कागद नवी पेठेत कुठल्याही स्टेशनरीत मिळतो.

आता संचातली सर्वांत चांगली कृती. राखेच्या बुधवारच्या, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाच्या, आधीच्या रविवारी मुलांनी 'हालेलुया' (देवाची स्तुती करा) लिहिलेली एक मोठी पताका रंगवायची, सगळ्यांनी मिळून ती पेटीत घालायची आणि पेटी लपवायची. त्या दिवसापासून ईस्टरच्या सकाळपर्यंत हा शब्द म्हणायचा नाही, गायचा नाही. युरोपात मध्ययुगापासून ही रीत आहे, काही ठिकाणी तर पताका चक्क पुरत असत. सामान काय, तर एक कापड आणि रंग. आम्ही कापड जुन्या चादरीचं घेतलं. नाताळचा तारा आणि गोठ्याचं सामान ठेवतो त्या पत्र्याच्या ट्रंकेत घातलं, कुलूप लावलं, किल्ली पाळकसाहेबांकडे.

आमच्या मंडळीत उपवासकाळात संध्याकाळच्या सभा असतात, वचनं असतात, काहीजण मटण सोडतात. शब्द सोडायची सवय कुणालाच नव्हती. मुलांनी मात्र ते असं काही मनावर घेतलं की पहिल्याच रविवारी साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभे राहिलेले एक आजोबा सवयीनं "हालेलुया!" म्हणाले आणि मागच्या तीन बाकांवरून एकदम "श्श्श!" झालं. आजोबा गोंधळले. मंडळी हसली. पुढच्या रविवारी आजोबांनी तोंडावर हात ठेवून साक्ष दिली, आणि मग मोठी माणसंही जपून बोलायला लागली. दर रविवारी कुणीतरी यायचंच: "टीचर, आज काढायची का?" नाही. "थोडी बघून परत ठेवायची?" तेही नाही. एका मुलानं ट्रंकेला कान लावून पाहिला. ५ एप्रिलला पहाटे स्मशानभूमीतली उपासना आटोपून सगळे चर्चमध्ये आले आणि पताका निघाली, तेव्हा जो आवाज झाला तो मी ध्वनिक्षेपकाशिवाय आमच्या चर्चमध्ये पूर्वी ऐकलेला नाही.

स्मशानभूमीचा उल्लेख आला म्हणून सांगते. संचात 'रिकामी कबर' बनवायचे तीन प्रकार आहेत: कागदी ताटलीची, कणकेची, कुंडीतली. कुंडीत माती भरायची, आडवा कप पुरायचा, तोंडाशी धोंडा, वर गवताचं बी. सुंदर दिसते. पण आपल्याकडची मुलं ईस्टरच्या आधी आईवडिलांबरोबर आजी-आजोबांच्या कबरी झाडायला, चुना लावायला जातात. ईस्टरला अंधारात मेणबत्त्या घेऊन तिथेच उभी राहतात. त्यांना कबर म्हणजे काय हे कुंडीवरून सांगायची गरज नाही. मी तिन्ही प्रकार सोडले आणि मुलांना एवढंच सांगितलं की चुना लावायला जाल तेव्हा दगडावरचं नाव आणि साल वहीत उतरवून आणा. संचाच्या दुसऱ्या आवृत्तीत हे घालता येईल, पण त्यांच्याकडे अशी रीत आहे की नाही हे बहिणीला विचारायचं राहिलंय.

कागदी साखळी हे दोन्ही वर्गांत चाललं. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस, त्यातले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, उरले ४०. रोज एक कडी फाडायची. शाळेत मी साखळी ठेवली, उपवास काढला. तिसरीला वजाबाकी तेवढीच होते. मात्र खरी मजा तारखेच्या पानावर आली. संचात एक कोरडी चौकट आहे: ईस्टर म्हणजे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार. अमेरिकेतल्या पोरांना पौर्णिमा शोधायला तक्ता दिलाय. आमच्या पोरांनी भिंतीवरच्या कालनिर्णयात बोट ठेवलं. यंदा, २०२६ ला, चैत्री पौर्णिमा, म्हणजे हनुमान जयंती, २ एप्रिलला गुरुवारी. तोच प्रभुभोजनाचा, येशूच्या शेवटच्या जेवणाचा, गुरुवार. ३ ला गुड फ्रायडे, ५ ला ईस्टर. २०२४ मध्ये होळीच्या पौर्णिमेनंतरचा रविवार होता, ३१ मार्च. तिसरीतल्या एका मुलीनं विचारलं, "म्हणजे तुमचा सण पण पंचांगावर चालतो?" चालतो बाई. चर्चचं गणित आकाशातल्या चंद्रापेक्षा स्वतःच्या ठरीव कोष्टकावर चालतं, त्यामुळे एखाद्या वर्षी दिवस इकडेतिकडे होतो, पण ते तिसरीला कशाला.

आता प्लास्टिकच्या अंड्यांचा डबा. बारा अंडी, प्रत्येकात एक वस्तू: गाढव, चांदीची नाणी, प्याला, जोडलेले हात, चाबूक, काट्यांचा मुकुट, क्रूस, फासे, भाला, कापडाचा तुकडा, धोंडा, आणि बारावं रिकामं. रोज एक उघडायचं. कल्पना तिकडे चांगलीच लोकप्रिय आहे आणि गोष्ट क्रमानं लक्षात राहायला मदत होते, यात शंका नाही. पण वस्तू नखाएवढ्या. मागच्या बाकावरच्याला गाढव आहे की कुत्रा हे कळत नाही. झाकणं सैल, डबा हातातून सरकला की येशूला धरून देणाऱ्या यहूदाची नाणी टेबलाखाली. आणि एकदा उघडून झालं की संपलं, पुढच्या वर्षी सगळ्यांना ठाऊक. पहिलीच्या मुलांसमोर चाबूक आणि भाला लागोपाठ काढायला मला नको वाटलं. तेवढी दोन मी मोठ्या गटासाठी ठेवली.

फाशांच्या अंड्यापाशी मात्र आम्ही अडलो, आणि पुढचे कितीतरी रविवार तिथेच राहिलो. संचातला मजकूर एका ओळीचा: शिपायांनी येशूच्या झग्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. चौथीतली एक मुलगी, तिच्या वडिलांचे अक्कलकोट रोडला एमआयडीसीत माग आहेत, म्हणाली, "फाडून वाटून का नाही घेतला?" उत्तर योहानाच्या १९ व्या अध्यायात आहे: बाकीच्या कपड्यांचे चार वाटे केले, पण अंगरख्याला शिवण नव्हती, तो वरपासून सबंध विणलेला होता. तिनं लगेच पुढचं विचारलं, "बिनशिवणीचा विणता येतो का?"

हा प्रश्न मिसुरीत कुणी विचारला नसेल. सोलापुरात तो विचारला गेला नसता तरच नवल. संचात याबद्दल अक्षर नाही. मी आमच्या मंडळीतल्या एका आजोबांना बोलावलं, ते लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, होते. त्यांनी दोन वह्या एकावर एक ठेवल्या. म्हणाले, ताण्याचे, म्हणजे उभ्या सुतांचे, दोन थर लावायचे, वरचा आणि खालचा. धोटा, आडवं सूत नेतो तो, वरच्या थरातून जाताना वरचं कापड विणतो, परत येताना खालचं. बाणा, म्हणजे आडवं सूत, एकच, तुटत नाही, म्हणून दोन्ही कडा आपोआप जोडल्या जातात. मागावरून उतरवलं की नळी. उशीचे अभ्रे असे निघतात. मग त्यांनी विचारलं, "असलं कापड कुणी फाडेल का? कात्री लावली की सुतं निसटायला लागणार. शिपाई असले तरी त्यांना मालाची किंमत कळत होती." वर म्हणाले, "एवढं नाजूक काम कुणी विणून दिलं असेल त्याला?" त्यावर संचाचा प्रश्न विचारायची मला गरज पडली नाही, पोरंच सुरू झाली. कुणी म्हणालं आईनं. कुणी म्हणालं मग्दालेच्या मरियेनं, त्याच्या शिष्येनं. शास्त्रात ते लिहिलेलं नाही, एवढं मी सांगितलं आणि गप्प बसले.

मग आम्ही फासे बाजूला ठेवून हेच विणायला घेतलं. जाड पुठ्ठ्याचा वहीएवढा तुकडा, वरखाली खाचा, त्यांत दोन्ही बाजूंनी ताणा भरायचा आणि बोथट सुईनं बाणा पुढून मागे, मागून पुढे, गोल गोल घालत राहायचा. शेवटी पुठ्ठा वाकवून काढून घेतला की हातात बिनशिवणीची पिशवी. सूत त्या मुलीच्या वडिलांनी दिलं, कोनावर उरलेलं, नाना रंगांचं. खर्च शून्य. धुसफूस भरपूर. मुलगे आधी म्हणाले हे पोरींचं काम. जॉबर आजोबांनी नुसतं बघितलं, विषय संपला. रविवारी अर्धा तास, बाकी घरी. काहींची पिशवी गुड फ्रायडेला पुरी झाली, काहींची अजून चालू आहे. एकाची इतकी घट्ट झाली की पुठ्ठा निघेना. तो पुठ्ठ्यासकट प्रदर्शनात ठेवला. संच घेणाऱ्या कुणाही सोलापूरकरानं डब्याचा खर्च वाचवून हे करावं.

येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्या पाय धुण्याच्या कृतीत संचानं सुचवलंय की ओल्या कागदी रुमालांनी एकमेकांचे पाय पुसा. का? चर्चमध्ये घंगाळ आहे, तांब्या आहे. दारी आलेल्याच्या पायावर पाणी घालायची रीत आमच्या आज्यांच्या घरात होती. टॉवेलाचा तर सोलापुरात तोटाच नाही. तोटा पाण्याचा, नळ दिवसाआड येणं तर सोडाच, त्याहून उशिरा येतो, म्हणून एका बादलीत सगळा वर्ग बसवला आणि वापरलेलं पाणी कडुनिंबाला घातलं. मार्चअखेरचं ऊन, चपलांतून आलेले धुळीचे पाय, थंड पाणी. कुणाला उठायचंच नव्हतं.

शाळेच्या वर्गात ज्या कृतीनं संचाचे पैसे वसूल झाले ती फुलपाखराची. पुनरुत्थानाचं चिन्ह म्हणून फुलपाखरू तिकडे घरोघर दिसतं. संचाची सूचना: पेंटेड लेडी फुलपाखराच्या अळ्या टपालानं मागवा, खाण्यासकट कपात येतात. इथे ते होणे नाही, आणि त्याची गरजही नाही. जुळे सोलापूरला मोकळ्या प्लॉटवर रुईची झुडपं माजलेली असतात. पानाखाली बघायचं: पांढऱ्या, काळ्या, पिवळ्या पट्ट्यांची अळी, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. ही प्लेन टायगरची. रुई नसेल तर कढीपत्त्यावर किंवा लिंबावर बघा. तिथली लहान अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी, ती लाइम बटरफ्लायची. बरणी, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा, आत एक काडी, रोज ताजा पाला. एक काळजी: रुईचा चीक डोळ्यांत गेला तर वाईट, म्हणून पाला मीच तोडायची आणि हात धुवायची.

हनुमान जयंतीच्या आठवड्यात गंमत झाली. मारुतीला रुईच्या पानांचे हार जातात, त्यामुळे मधल्या मारुतीपाशी पानांचे ढीग. एक मुलगा तिथून पिशवीभर घेऊन आला. हारवालीनं विचारलं म्हणे, एवढी कुणाला? तो म्हणाला, अळीला. तिनं पैसे घेतले नाहीत.

कोश झाला की आठवडा-दहा दिवस काहीच घडत नाही. या काळासाठी संचात रोजच्या नोंदीचं पान आहे आणि ते फार हुशारीनं केलंय: आज काय दिसलं? आज काय दिसलं नाही? मुलांना दुसरा रकाना जास्त आवडला. "हललं नाही." "फुटलं नाही." "मेलंय असं रोहितला वाटतं, मला नाही." कोश काळपट झाला तेव्हा रोहितचा पक्ष वाढला, प्रत्यक्षात आतले पंख दिसायला लागले होते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीआधी फुलपाखरू बाहेर. पण सगळे कोश फुटले नाहीत. एक तसाच वाळला. संचात याबद्दल एक शब्द नाही, आणि ही मला मोठी उणीव वाटते. चार दिवस मुलं त्या कोशाबद्दल विचारत होती. निसर्गात परजीवी माशा अळीत अंडी घालतात, मग कोशातून फुलपाखरू येत नाही, हे मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. शिक्षिकांच्या सूचनांत दोन ओळी हव्या होत्या. आणखी एक: रंगवायच्या पानावर फुलपाखरू रेशमी कोसल्यातून निघताना दाखवलंय. कोसला पतंगाचा. फुलपाखराचा कोश उघडाच टांगलेला असतो. प्राथमिक शाळेच्या साहित्यात ही चूक नको.

अंडी रंगवणं. संच म्हणतो रंगाच्या गोळ्यांचं पाकीट आणा. मी संचाच्याच तळटीपेकडे गेले, तिथे कांद्याच्या सालीचा उल्लेख बारीक अक्षरांत आहे. ज्या गावच्या बाजार समितीत कांद्याचे ट्रक रांगा लावतात त्या गावात ही तळटीप मथळा व्हायला हवी. सालं वीस मिनिटं उकळायची, गाळायची, चमचाभर व्हिनेगर, त्यात उकडलेली पांढरी अंडी बुडवून ठेवायची: विटकरी तांबडा रंग. हळदीत पिवळी. बीटरूटवर विसंबू नका, गुलाबी येईल वाटतं आणि मळकट तपकिरी होतं. हे रविवारी. शाळेत अंडं आणणं शक्य नव्हतं. जैन आणि लिंगायत पालकांना ते रुचलं नसतं. तिथे त्याच काढ्यात तुरटी टाकून सुताच्या लडी रंगवल्या. सोनेरी निघाल्या. एका मुलाच्या आजोबांचा रंगाईचा धंदा होता, त्यांनी लड उन्हाकडे धरून बघितली आणि "पक्का नाही, पण रंग आहे" असा शेरा दिला.

अंडी लपवून शोधायचा खेळ सकाळी आठच्या आत उरका. चॉकलेट घालू नका, एप्रिलच्या सोलापुरात ते प्यावं लागतं. आम्ही चिक्की घातली.

उरलेलं भराभर. मार्शमॅलो पिठात गुंडाळून भाजायचा, तो विरघळतो आणि पाव आत पोकळ राहतो, म्हणजे रिकामी कबर: मार्शमॅलोत जनावरांच्या हाडाकातड्याचं जिलेटिन, घरोघरी ओव्हन नाहीत, कृती रद्द. गुंटूरच्या काकूंनी पुऱ्या तळल्या, फुगलेली पुरी फोडली की आत रिकामी, मुद्दा तोच आणि खायला बरी. हाताच्या ठशाची कागदी लिली: तिकडे ईस्टरला लिलीच्या कुंड्या ठेवतात म्हणून आहे. आमच्याकडे चर्चमध्ये निशिगंध असतो, पण ठसा कापून गुंडाळायला मुलांना आवडलं, चालू द्या. ससा: एकच पान आहे, त्यावर १६८२ साली एका जर्मन वैद्यानं अंडी आणणाऱ्या सशाबद्दल लिहून ठेवल्याची माहिती. मुलांना ससा आवडतो, मला त्यात काही सापडलं नाही. बर्फ वितळून वसंत येतो ही कविता गाळा. आमच्याकडे त्याच दिवसांत कडुनिंबाला पालवी आणि मोहोर येतो. फांदी आणून टेबलावर ठेवली की झालं.

मोठी अडचण संचाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाची. लुथेरन शाळेत ईस्टर हा दिवस नसून हंगाम असतो, पन्नास दिवसांचा, पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत. यंदा तो २४ मेपर्यंत. त्यासाठी सात आठवड्यांच्या कृती आहेत: येशूचा शिष्य थोमाचा संशय, अम्माऊसची वाट, तळ्याकाठची न्याहारी, उत्तम मेंढपाळ, स्वर्गारोहण. कृती चांगल्या आहेत, काही तर पहिल्या भागाहून सरस. पण आपल्याकडे एप्रिलमध्ये परीक्षा आणि मे लागला की पोरं गावाला. संडे स्कूलला निम्मी हजेरी, उरलेली घामानं बेजार. तळ्याकाठच्या न्याहारीत कोळशावर मासे भाजून खायचेत. मे महिन्यात, सोलापुरात, कोळशाजवळ. मी फक्त अम्माऊसची पानं काढून घरी दिली: दोघंजण चालत असतात, तिसरा येऊन मिळतो, तो उठलेला येशू असतो, पण ते त्याला ओळखत नाहीत. गावाकडे कुणाबरोबर किती चाललात, काय बोललात, ते लिहून आणा. जूनमध्ये किती वह्या येतात बघू. मेंढपाळाची पानं मी पावसाळ्यावर टाकली आहेत, धनगरांचे कळप रस्त्यावरून जाताना दिसायला लागले की काढीन.

पुढच्या वर्षी घेणार असाल तर गणित करून ठेवा. २०२७ ला ईस्टर लवकर आहे, २८ मार्चला, होळीच्या पाठोपाठ. राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला. म्हणजे होम मैदानावरची गड्ड्याची यात्रा उठली की लगेच पताकेचं कापड काढायला हवं. परीक्षेच्या आत सगळं बसेल, पेंटेकॉस्टही १६ मेला उरकेल. छापायचीच झाली तर हालेलुया, साखळी, तारखेची चौकट, कोशाची नोंद आणि अम्माऊस, एवढीच पानं काळ्या-पांढऱ्यात काढा. मुलामागे वीस-पंचवीस रुपयांत भागतं. प्लास्टिकच्या अंड्यांचा डबा कुणाला हवा असेल तर माझ्याकडचा घेऊन जा, गाढवाचा एक कान तुटलाय.